मोठ्या घराची धाकटी बाटली

पुण्याहून इथे फ्रान्समधल्या बोर्दोला कुणी पाहुणं आलं, की परतीच्या आदल्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो: "ताई, शातो मार्गो केवढ्याला पडते गं?" मी वाइनच्या दुकानात काम करते, त्यामुळे आकडा तोंडपाठ. तो ऐकून पाहुणा गप्प. मग मी म्हणते, त्याच घराची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या त्याच मंडळींची, धाकटी बाटली घे.

धाकटी म्हणजे उरलंसुरलं नव्हे. इथे बागेच्या प्रत्येक तुकड्याची वाइन आधी वेगवेगळी ठेवतात आणि हिवाळ्यात चाखून ठरवतात, की मुख्य बाटलीत काय जाणार. कोवळ्या वेलींची, जरा हलक्या अंगाची वाइन दुसऱ्या नावाने निघते. माणसं तीच, तळघर तेच. नव्या ओकच्या पिंपांच्या वापरात तेवढा हात आखडता. मार्गोच्या धाकटीचं, पाव्हियाँ रूजचं, नाव १९०८ पासूनचं. शातो लातूरची (आपल्या लातूरशी काही नातं नाही, सगळे विचारतात) ले फोर द लातूर १९६६ च्या पिकापासून.

लेबल मात्र बोट ठेवून वाचा. इथे आले त्या पहिल्याच वर्षी मी बाबांसाठी मुताँ कादे नेली. 'कादे' म्हणजे धाकटा, म्हणून शातो मुताँ रोथशिल्ड या मोठ्या घराची धाकटी हीच, असा माझा हिशोब. (हे नाव उच्चारताना मराठी माणसाला हसू येतं, येऊ द्या.) बाटली वाईट नव्हती, पण ती वेगळीच वाइन, १९३० च्या पिकापासून निघालेली. लेबलवर गावाचं नाव नाही, नुसतं 'बोर्दो' असतं. खऱ्या धाकटीचं नाव ल पती मुताँ, आणि तिच्यावर 'पोयाक' हे गावाचं नाव लिहिलेलं असतं. जिथे मोठीवर गावाचं नाव आहे, तिथे धाकटीवरही तेच शोधा. असाच घोळ क्लो द्यु मार्कीचा. जुनी माणसं अजून तिला लेओव्हिल लास काझ या घराची धाकटी म्हणतात. २००७ पासून तो मान ल पती लियाँचा.

घर कुठलं निवडायचं? माझं ऐकाल तर पहिल्या श्रेणीतली पाच घरं सोडा. त्यातल्याच लाफितच्या धाकटीला, कारुआदला, चीनमधून एवढी मागणी आली, की आता अर्धे पैसे नावाचेच जातात. त्याऐवजी शातो पाल्मेची आल्तेर एगो, १९९८ पासूनची, किंवा पिशाँ कोंतेसची रेझेर्व्ह द ला कोंतेस. साल चांगलंच घ्या: २०१५, २०१६. चांगल्या साली मुख्य बाटलीत न गेलेला मालही उत्तम असतो. २०१३ सारख्या थंड, ओल्या साली मोठ्या बाटलीलाच माल पुरवताना नाकी नऊ येतात, धाकटीच्या वाट्याला काय येणार?

न्यायच्या दोनच. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत सूट; ७५० मिलीच्या तीन म्हणजे सव्वादोन, आणि मग कस्टमशी हुज्जत. मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध, चेक-इनच्या बॅगेत.

घरी पोचल्यावर लगेच उघडू नका, चार दिवस आडवी पडू द्या. उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ खाली बसेल. पुण्याच्या उन्हाळ्यात 'खोलीच्या तापमानाला प्यावी' हे विसरा. फ्रीजमध्ये ठेवा, सतराएक अंशांवर आली की बूच काढा. डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं भांडं) नसला तर काचेचा जग चालतो, तासभर त्यात राहू द्या. तांबड्या रश्शाबरोबर नको. तिखट आणि तुरट एकत्र आलं की जिभेला दुसरं काही कळत नाही. पुढच्या खेपेला नेलेली आल्तेर एगो बाबांनी कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर घेतली. अर्धी उरली, ती बूच लावून फ्रीजच्या दारात, ताकाच्या तांब्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "कालच्यापेक्षा आज बरी लागतेय."