कापसाच्या दिवसांत घरची शाळा : सहा-सात वर्षांच्या मुलासाठी एका महिन्याची आखणी

लहान मुलाला घरी शिकवायला घेतले की पहिली चूक बहुधा वेळापत्रकात होते, आणि ती माझ्याकडूनही झाली. आमची मुलगी सव्वासहा वर्षांची असताना मी भिंतीवर आठ विषयांचा रंगीत तक्ता लावला आणि रोज नवी वेळ, नवा विषय, नवी वही असे सुरू केले. नवव्या दिवशी ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर येईना. तो तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला. तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम आहे : दिवसाची घडी रोज तीच ठेवायची आणि त्या घडीत येणारी वस्तू मात्र बदलत राहायची. पुढची आखणी त्याच नियमावर उभी आहे. ती नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंतची आहे, कारण विदर्भातल्या गावात एवढे शिकवण्यासारखे एकाच वेळी क्वचितच हाताशी असते.

या दिवसांत घरातली मोठी माणसे वेचणीला जातात. दव ओसरल्याशिवाय कापूस वेचत नाहीत, कारण ओला कापूस साठवणीत खराब होतो आणि त्याला भावही कमी मिळतो. म्हणून सकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ मोकळा सापडतो आणि या वयाच्या मुलाला तेवढा पुरेसा होतो. त्यात वीस मिनिटे वाचन-लेखन, वीस मिनिटे अंक, मध्ये खेळ आणि खाणे, आणि उरलेला वेळ त्या आठवड्याच्या हातकामाला द्यावा. रात्री जेवणानंतर एक गोष्ट ऐकवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलाकडून ऐकावी. याहून अधिक वेळ मुलाला बसवून ठेवू नये.

महिन्याच्या पहिल्याच दिवशी एक काम उरकून घ्यावे. ज्या वावरात, म्हणजे शेतात, पूर्वी हरभरा घेतला असेल तिथली माती एका जुन्या डब्यात भरावी, डब्याला तळाशी भोके पाडावीत आणि मुलाच्या हाताने हरभऱ्याचे आठ-दहा दाणे पेरून घ्यावेत. पाणी बेताने घालावे. या डब्याचे पुढे काम आहे.

पहिला आठवडा कापसाचा, आणि माझ्या मते संपूर्ण महिन्यातला सर्वांत समृद्ध. फुटलेले एक बोंड मुलाच्या तळहातावर ठेवावे आणि काही न सांगता त्याला नुसते पाहू द्यावे. सुकलेल्या बोंडाच्या पाकळ्या चार आहेत की पाच, हे मूल स्वतः मोजते, आणि दुसऱ्या बोंडात आकडा वेगळा निघाला की आपणहून तिसरे मागते. नंतर घरच्या वजनकाट्यावर ३० ग्रॅम कापूस मोजून द्यावा आणि त्यातली सरकी, म्हणजे कापसाच्या बिया, बोटांनी वेगळी करायला सांगावे. हे काम एका बैठकीत होत नाही. आम्हाला तीन सकाळी लागल्या. शेवटी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, साधारण १० ग्रॅम आणि सरकी साधारण २० ग्रॅम भरते, कारण कापसाच्या वजनात रुईचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास असतो. अपूर्णांक हा शब्द न उच्चारता ‘तीन वाट्यांतला एक वाटा’ मुलाच्या डोळ्यांसमोर येतो. त्यानंतर सरकी मोजायची. आमच्याकडे ती दोनशेच्या वर निघाली. दहा-दहाचे ढीग, दहा ढिगांचा एक शेकडा, आणि उरलेले सुटे दाणे : एकक, दशक आणि शतक मुलीला त्या अंगणात जसे कळले तसे पाटीवर कळले नव्हते. दहाचा ढीग करताना ती दर वेळी शेवटचा दाणा जरा थांबून ठेवत असे, जणू त्या दाण्यानेच ढीग बनतो. उरलेल्या रुईच्या वाती वळून आजीकडे द्याव्यात. आपण वळलेली वात देवघरात जळताना पाहण्याचे समाधान मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या पद्धतीची, मांडणी केली, तेव्हा सूतकताई हा तिच्या मुख्य उद्योगांपैकी एक होता. चरखा घरी नसेल तरी चालेल, कारण रुई चिमटीत धरून पीळ देत ओढली की वीतभर धागा निघतो, आणि पीळ सुटला की तो का तुटतो हे मूल स्वतःच शोधते.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. धड्यासाठी घेतलेला कापूस अलीकडे फवारलेल्या वावरातला नसावा, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि औषधाचे रिकामे डबे मुलाच्या खेळात कधीही येऊ देऊ नयेत.

वाचन-लेखनाची वीस मिनिटे महिनाभर एकाच मार्गाने चालवावीत. अक्षरे मुळाक्षरांच्या क्रमाने न घेता ग, म, भ, न अशी, वळणाने एकमेकांच्या जवळची घ्यावीत, म्हणजे चारच अक्षरांत मग, मन, नग, गगन असे शब्द तयार होतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पहिलीचे पुस्तक एकदा छापून घ्यावे, मोबाइलवर वाचायला देऊ नये. याखेरीज दोन रकान्यांची एक वही करावी. डावीकडे घरात बोलतो तो शब्द, उजवीकडे पुस्तकातला : पऱ्हाटी आणि कपाशी, वावर आणि शेत, ढोरं आणि गुरे, पोट्टा आणि मुलगा. डावा रकाना चुकीचा आणि उजवा बरोबर, असे मुलाला चुकूनही भासवू नये. वऱ्हाडीत बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच महिन्यात ‘असे बोलत नाहीत’ म्हणून थांबवले की ते पुढे वाचायलाही बिचकते. हे मी शेजारच्या घरांत वारंवार पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

दुसरा आठवडा माती आणि पाण्याचा. काचेच्या एका बरणीत वावरातली काळी माती आणि दुसरीत नाल्याकाठची रेताड माती घ्यावी, दोन्हींत पाणी भरून हलवाव्यात आणि खिडकीत ठेवाव्यात. रेती काही मिनिटांत तळाशी बसते. काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असते, कारण तिचे कण फार बारीक असतात. हीच बारीक चिकणमाती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. विहिरीचे पाणी किती खाली आहे हे मोठ्या माणसाने दोर सोडून मोजावे. मुलाने कठड्यापासून दूर राहून फक्त दोराच्या गाठी मोजाव्यात आणि तारखेसह लिहाव्यात.

तिसऱ्या आठवड्याचा धडा आठवडी बाजारात होतो. मुलाच्या हातात ५० रुपये आणि तीन वस्तूंची यादी द्यावी, आणि यादी त्यानेच लिहिलेली असावी. मेथी जुडीवर, वांगी किलोवर आणि संत्री नगावर किंवा डझनावर घेतली, तर मोजण्याच्या तीन रीती एका फेरीत समजतात. उरलेले पैसे परत घेताना घाई करू नये. मागे गिऱ्हाईक उभे असले तरी मुलाला मोजू द्यावे. गावातल्या दुकानदारांना आधी सांगून ठेवले तर ते आनंदाने थांबतात, असा माझा अनुभव आहे. घरी आल्यावर धान्याच्या जुन्या मापांपैकी पायलीत किती शेर मावतात हे ज्वारी ओतून पाहावे. चार भरतात, आणि आजोबांना हे आधीच ठाऊक असल्याचे कळले की मूल पुढचे प्रश्न त्यांनाच विचारते.

चौथा आठवडा सावलीचा. अंगणात उन्हाच्या जागी मीटरभर लांबीची सरळ काठी उभी रोवावी आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. २१-२२ डिसेंबरला, वर्षातला सर्वांत लहान दिवस असताना, आपल्या भागात ही सावली जवळजवळ काठीइतकीच लांब पडते. सुताने काठी मोजून तेच सूत सावलीवर धरले की मुलाचा विश्वास बसतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात एका दुपारी हीच सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. तो दिवस पाहण्यासाठी काठीची जागा राखून ठेवावी. रात्री पूर्वेला मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे दाखवावेत. अंधारात बाहेर पडताना विजेरी आणि पायात चप्पल असू द्यावी, कारण विंचू आणि मण्यार हा विषारी साप आपल्याकडे घराजवळही निघतात.

दुपारचे चार वाजले की मुलाला गावातल्या मुलांमध्ये खेळायला सोडावे, आणि यात एकाही दिवसाचा अपवाद करू नये. घरच्या शाळेची खरी उणीव सोबत्यांची आहे, आणि ती आईवडिलांना कितीही जीव लावून भरून काढता येत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे, त्यामुळे पुढे शाळेत घालण्याचा मार्ग बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष परीक्षांची सोयही आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना भेटून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे आणि रोजचे काम तारीखवार लिहून ठेवावे.

शेवटच्या दिवशी हरभऱ्याचा डबा घ्यावा. माती भिजवून एक रोप मुळासकट अलगद काढावे, पाण्यात हलवून धुवावे आणि मुळांवरच्या बारीक गाठी मुलाला बोटाने चाचपू द्याव्यात. या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकासाठी बांधून ठेवतात. एखादी गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर ती काम करत आहे असे समजावे. त्या रोपाचे चित्र वहीत काढून घ्यावे, खाली मुलाने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहाव्यात, आणि उरलेली रोपे वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावून द्यावीत.