कुली लोचची पिल्ले जगविताना

आग्नेय आशियातील कुली लोच हे सापासारखे लांबट, लहान मासे इंदूरच्या घरगुती टाकीत अंडी घालतात. खरी अडचण पुढे असते. आमच्याकडील माद्यांच्या पोटातील हिरवट अंडी कातडीतून स्पष्ट दिसत, एखाद्या सकाळी पोट सपाट झालेले आढळे, आणि पिल्लू मात्र एकही नसे. अंडी पाण्याच्या वरच्या थरात, तरंगत्या वनस्पतींच्या मुळांत विखुरली जातात, मोठे मासे ती खातात, आणि वाचलेली बारीक पिल्ले फिल्टरच्या ओढीत सापडतात.

म्हणून मोटरचा फिल्टर काढून हवेवर चालणारा स्पंज फिल्टर बसविला, तळाशी गोट्यांचा जाड थर देऊन त्यावर प्लास्टिकची जाळी अंथरली, आणि वर जलकुंभीची दाट मुळे सोडली. बोरिंगचे पाणी माळव्याच्या काळ्या खडकातून येत असल्याने जड, म्हणजे क्षारयुक्त असते. त्यात गच्चीवरचे, पहिली सर वाहून गेल्यावर धरलेले पावसाचे पाणी थोडे थोडे मिसळले आणि देशी बदामाची (टर्मिनेलिया कॅटाप्पा) वाळलेली पाने टाकली. (ही पाने विकत घेण्याची गरज नाही, रस्त्याकडेला हवी तितकी मिळतात, फक्त फवारणी झालेली नसावीत.)

पोट सपाट दिसताच मोठे मासे दुसऱ्या टाकीत हलविले, हा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिल्लांना आधी इन्फुसोरिया (पाण्यातील सूक्ष्म जीव), मग ताजे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या जीवाची नुकती निघालेली पिल्ले) दिले. स्पंज टाकीच्याच पाण्यात, पांढऱ्या तसराळ्यात पिळावा. त्यात अडकलेली केसाएवढी पिल्ले तेथे दिसतात.