सायकलवरून ड्राइव्ह-थ्रूला ऑर्डर कशी द्यायची
गोव्यात पाव सायकलवरून दारात येतो, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकला की आपण पिशवी घेऊन धावतो, पण त्याच सायकलवर बर्गर आणायला ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीत बसूनच पार्सल घ्यायच्या, खिडकीशी गेलं तर म्हणे गाडी आणा! म्हणून आधी आत जाऊन विचारा, सायकलवाल्याला देता का. हो म्हणाले तर लेनच्या मधोमध राहा, कडेला सरकलात की मागचा रेंटच्या गाडीतला टुरिस्ट घुसलाच. ऑर्डर घेणारा स्पीकर गप्प असेल तर गाडीचा धातू ओळखणाऱ्या जमिनीखालच्या वायरच्या लूपला बहुतेक सायकल कळलीच नाही, डांबरात कापलेली रेघ दिसते बघा, तिच्या बरोब्बर वर चाकं ठेवा, फ्रेम आणि रिम दोन्ही कार्बनची असतील तर नाद सोडा. पार्सल कॅरियरला बांधा, कोल्ड्रिंक हँडलला लटकवू नका, पर्वरीच्या चढावर माझं अख्खं सांडलंय.