थायरॉईडची गोळी कधी, लोहाची कधी: खेड्यात राहून सांभाळायची पद्धत

थायरॉईड कमी पडत असेल तर उपचार तसा साधा आहे. लेव्होथायरॉक्सिनची रोज एक गोळी, बहुतेकांना कायमची. तरीही कित्येक जणींचा टीएसएच (रक्ततपासणीतला, थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आकडा) महिनोन्‌महिने खाली येत नाही, आणि मग डोस वाढवत नेला जातो. डोस खरंच कमी असू शकतो. पण आधी एक गोष्ट तपासा: गोळी कशाबरोबर पोटात जाते?

सकाळची गोळी

पाण्याचा तांब्या आणि गोळीची बाटली रात्रीच उशाशी ठेवा. उठल्याबरोबर साध्या पाण्यानं गोळी गिळा. मग सडा, झाडझूड, गुरांचं शेणपाणी, आंघोळ उरकून पाऊण ते एक तासानं चहा घ्या. चहा-कॉफीनं गोळी नीट शोषली जात नाही, दुधातल्या कॅल्शियमनंही नाही. म्हणजे दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर घेतलेली गोळी अर्धवटच लागू पडते.

निंदणाच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत अंधारातच चहा पिऊन वावरात निघावं लागतं. तेव्हा हा तास सापडत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री घ्या, जेवणानंतर किमान ३ तासांनी. मात्र आज सकाळी, उद्या रात्री असा खेळ नको. एक वेळ ठरवा आणि तीच पाळा. चतुर्थी, एकादशी, नवरात्राच्या उपासातही गोळी चालूच ठेवायची. रोजे असतील तर सहरीच्या पाऊण तास आधी किंवा रात्री झोपताना.

एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी पोट रिकामं असताना घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीची एकच गोळी घ्या. रक्तातलं हे औषध निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, म्हणून एका चुकीनं बिघडत नाही. पण याच कारणानं फसगतही होते. गोळी सोडली तरी आठवडाभर काही जाणवत नाही, ‘आता बरी झाली’ असं वाटतं, आणि महिन्या-दीड महिन्यात पाय जड, आवाज घोगरा, तोंड सुजलेलं.

बाटली

ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या छपराखालचा कोनाडा भट्टीसारखा तापतो. तिथं बाटली ठेवू नका, चुलीजवळच्या फळीवर नको, खिडकीतही नको. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, बंद पेटीत किंवा कपाटात खालच्या बाजूला ठेवा. माठाजवळ गार असतं, पण ओलही असते. बाटलीतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. कागदाच्या पुडीत गोळ्या काढून ठेवायची सवय तर सोडाच. मेडिकलमधून येताना बाटली गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवू नका.

नवी बाटली घेताना जुनी सोबत न्या. २५, ५०, ७५, १०० हे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात, आणि ‘७५ नाही, १०० घेऊन जा’ हे चालत नाही. कंपनी शक्यतो तीच ठेवा. बदललीच तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहून घ्या.

बाकीच्या गोळ्या

खरा घोळ इथं होतो. थायरॉईड कमी असलेल्या बाईला पाळीत जास्त रक्त जातं, त्यातून हिमोग्लोबिन उतरतं, मग आशाताई लोहाच्या लाल गोळ्या देतात. शरीरात थायरॉईडचं संप्रेरक बनायला लोह लागतंच, म्हणून गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण लोह आणि कॅल्शियम दोन्ही आतड्यात थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतात. त्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नको.

पहाटे ५ ला थायरॉईडची गोळी घेतली असेल तर लोह ११ च्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्यासोबत. मळमळत असेल तर दोन घास खाऊन. त्याआधी-नंतर तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. थायरॉईडची गोळी रात्री घेणाऱ्यांनी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह सकाळी घ्यावं. लोहानं शौच काळं होतं, त्याला भिऊ नका. काहींना दिवसाआड घेतलेलं लोह चांगलं लागतं आणि पोटही कमी बिघडतं, डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण ३ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ‘रक्त कमी’ म्हटलं की लोह, असं इथं समजू नका. सिकलसेल असेल तर फेरिटिनची (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी झाल्याशिवाय लोह सुरू करायचं नाही. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं.

बी-१२ जीवनसत्त्वाकडे फार दुर्लक्ष होतं. तळपायाला मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसराळूपणा, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं थकव्यासोबत थायरॉईडच्या खात्यात टाकली जातात. बी-१२ डाळीत नाही, पालेभाजीत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच आहे. काळ्या चहावर भागवणाऱ्या शाकाहारी घरात ते कमी पडणारच. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी यांनीही ते घटतं. तपासायचं असेल तर रक्त ‘ताकदीचं’ इंजेक्शन किंवा सलाईन घेण्याआधी द्या, नंतरचा आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं.

ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, दूध किंवा जेवणासोबत, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. ते रोज एक घेणारे भेटतात. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, तहान आणि मुतखड्याचा त्रास होऊ शकतो. वावरात दिवस काढूनही हे कमी कसं? पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला-तोंडाला दुपट्टा. ऊन कातडीपर्यंत पोचतच नाही.

ताट

ज्वारीची भाकर सोडायचं कारण नाही. कोबी, फुलकोबी शिजवून खा. सोयाबीनच्या वड्याही चालतात, फक्त गोळीनंतर ४ तासांनी. अंबाडी, तरोटा, हरभऱ्याची भाजी यांत लोह आहे, पण पाल्यातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून वर लिंबू पिळा. आंबट अंबाडी लोखंडी कढईत शिजवली तर ती काळपट होते. तो काळेपणा कढईतून उतरलेल्या लोहाचा, तो पोटात जाऊ द्या. रात्रभर मात्र कढईत ठेवू नका.

मीठ आयोडीनचंच घ्या, पाकिटावर हसऱ्या सूर्याची खूण पाहा. झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा आणि भाजी शिजत आली की घाला. खडे मीठ गुरांना. आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या, थेंब नकोत, जास्तीच्या आयोडीननंही थायरॉईड बिघडतं.

तपासणी

डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, स्थिर झाल्यावर वर्षातून एक-दोनदा. त्या दिवशी रक्त देऊन मगच गोळी. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं, ते टीएसएच खोटा कमी दाखवू शकतं. ३ दिवस आधी बंद करा. ग्रामीण रुग्णालयात जाण्याआधी ही तपासणी कोणत्या दिवशी होते ते आशाताईंना विचारा, एसटीचा हेलपाटा वाचेल. वजन कमी व्हावं म्हणून जास्त गोळी घेऊ नका. छाती धडधडते, हात थरथरतात, हाडं ठिसूळ होतात, आणि उतरलेलं वजनही टिकत नाही.

पाळी चुकली आणि दिवस गेल्याची शंका आली तर तपासणीच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात डोस साधारण पाव ते तिसरा हिस्सा वाढवावा लागतो, आणि पहिल्या २० आठवड्यांत टीएसएच दर ४ आठवड्यांनी पाहतात. गरोदरपणात मिळणारं लोह-कॅल्शियमही वरच्याच अंतरानं घ्या. छातीत दुखणं, किंवा म्हाताऱ्या माणसाचं अंग गार पडून गुंगी येणं, बोलणं मंदावणं असं दिसलं तर घरी गोळी वाढवत बसू नका, १०८ ला फोन लावा.