आरबीआयची टीम येण्याआधी: नागरी सहकारी बँकेतल्या नव्या अधिकाऱ्यांसाठी

रिझर्व्ह बँकेच्या तपासणीचे पत्र हातात पडले की आधी त्यातली संदर्भ तारीख बघा. बहुतेक वेळा ती ३१ मार्च असते आणि पथक दारात येईपर्यंत मध्ये काही महिने गेलेले असतात. म्हणून तयारी दोन तारखांची करायची. ३१ मार्चला बँक कशी होती ते कागदांवरून दाखवायचे, आणि तेव्हा थकलेले कोणते खाते आज सुधारले, कोणते आणखी बिघडले, ते तोंडपाठ ठेवायचे. माझी सगळी नोकरी वडोदऱ्यातल्या एका लहान मराठी नागरी बँकेत झाली आणि शेवटची बरीच वर्षे इन्स्पेक्शनची फाइल माझ्या टेबलावर होती. आता संध्याकाळी दांडिया बाजारातून चालताना जुन्या सहकाऱ्यांची मुले भेटतात. त्यांतली काही आज सहकारी बँकांत अधिकारी आहेत. "काका, आरबीआयची टीम येतेय, काय काय काढून ठेवू?" असे विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या जे सांगून होत नाही ते इथे लिहितो.

सगळ्यात वर परवाना ठेवा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २२ खालचा मूळ परवाना, प्रत्येक शाखेची परवानगी, पोटनियमांची शेवटची दुरुस्ती आणि तिला मिळालेली रजिस्ट्रारची मंजुरी. नवीन माणूस इथे गोंधळतो, कारण आपल्याला मालक दोन. संस्थेची नोंदणी, निवडणूक, सर्वसाधारण सभा हे सहकार खात्याकडे; ठेवी, कर्जे, भांडवल, तरतुदी (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम) हे रिझर्व्ह बँकेकडे. २०२० च्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापन आणि लेखापरीक्षणातही रिझर्व्ह बँकेचा शब्द पूर्वीपेक्षा जड झाला. म्हणून वैधानिक लेखापरीक्षकाच्या नेमणुकीला घेतलेल्या पूर्वमंजुरीचे पत्र याच फाइलमध्ये हवे.

हे दुहेरी नियंत्रण कुठून आले, ते आपल्या शहरातल्या माणसाने तरी जाणून घ्यावे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये वडोदऱ्यात अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली तेव्हा देशात सहकारी पतसंस्थांचा कायदासुद्धा नव्हता. तो १९०४ मध्ये आला. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, बँकिंग नियमन कायदा १९४९ चा, आणि तो सहकारी बँकांना लागू झाला १ मार्च १९६६ पासून. तोवर सहकारी बँकेतल्या ठेवीदाराचा आधार म्हणजे ओळखपाळख आणि संचालकाचे नाव. अन्योन्यची पुढे बँक झाली आणि अखेर रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. देशातल्या पहिल्या सहकारी संस्थेचे असे व्हावे याची मला अजून हळहळ वाटते, आणि तपासणीला जाच म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट सांगतो.

मग संचालक मंडळाची इतिवृत्ते. पाने क्रमाने, सह्या पूर्ण, आणि कर्जमंजुरीच्या प्रत्येक ठरावापाशी कोण हजर होते ते स्पष्ट. ठेवी शंभर कोटींच्या वर असतील तर व्यवस्थापन मंडळही हवे, त्याची इतिवृत्ते वेगळी. संचालकांच्या कारकिर्दीच्या तारखा एका तक्त्यात मांडा. ही मुदत आठ वर्षांची होती, ऑगस्ट २०२५ पासून ती दहा झाली. तक्त्यात प्रत्येक संचालकाच्या घरच्यांची आणि त्यांच्या फर्मची नावे लिहा आणि ती सगळी नावे कर्जखात्यांशी ताडून बघा, जामीनदारांच्या रकान्यासकट. हे काम संगणकावर सोडू नका. एकाच माणसाचे नाव एका खात्यावर वडिलांच्या नावाने आणि दुसऱ्यावर आडनावाने लागलेले असते, ते यंत्राला कळत नाही, आपल्याला कळते.

संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांना कर्ज देण्यावर २००३ पासून बंदी आहे, त्यामागे गुजरातचाच अनुभव आहे. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांत बुडाली. राज्यातल्या इतर अनेक सहकारी बँकांनी आपला पैसा तिथे ठेवीत ठेवला होता, तोही अडकला. तिचा परवाना रद्द व्हायला २०१२ उजाडले. ती बुडाली तेव्हा वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या एका दुसऱ्या बँकेच्या शाखेबाहेर सकाळी आठ वाजता लागलेली रांग मी पाहिली आहे. त्या बँकेचा माधवपुऱ्याशी काही संबंध नव्हता, पण लोक पासबुक छातीशी धरून उभे होते. एका कर्जदाराला आणि एका समूहाला किती द्यायचे याची मर्यादा (टियर १ म्हणजे बँकेच्या मूळ भांडवलाच्या अनुक्रमे १५ आणि २५ टक्के) पथक काटेकोर बघते, ते त्या रांगेमुळे.

आता कर्जाच्या फाइली. तुमच्या तयारीतला निम्मा वेळ इथे द्या, बाकी सगळे उरलेल्या निम्म्यात बसते.

थकीत खात्यांची यादी तयार मिळते, त्या यादीवर विसंबू नका. व्याज किंवा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक, हे सगळ्यांना पाठ आहे. चूक होते ती पुढच्या पायऱ्यांवर. वर्गवारी कर्जदाराची असते, खात्याची नसते. मकरपुऱ्यातल्या कारखानदाराचे मशीनचे कर्ज थकले तर त्याचे कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचे फिरते कर्ज) हेही अनुत्पादकच, त्यात कितीही व्यवहार होत असोत. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जदाराने दिलेला मालसाठ्याचा तक्ता, तीन महिन्यांपेक्षा जुने असेल तर त्यावर काढलेली उचल अनियमित धरतात, आणि असे ९० दिवस चालले की तेही खाते गेले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता भरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच नवी उचल दिलेली खाती स्वतः शोधा. पथक ती शोधतेच, कारण मार्च आणि एप्रिलचे व्यवहार शेजारी शेजारी ठेवणे ही त्यांची पहिली सवय. थोडी रक्कम भरून घेऊन खाते पुन्हा चांगल्यात आणता येत नाही. सगळी थकबाकी वसूल व्हावी लागते, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. आपण एखादे खाते चांगले दाखवले आणि पथकाने ते अनुत्पादक ठरवले, तर तरतूद वाढते, नफा घटतो, भांडवलाचे प्रमाण खाली येते. निव्वळ (तरतूद वजा करून उरलेली) अनुत्पादक कर्जे सहा टक्क्यांच्या वर गेली की बंधने लागू शकतात. लपवलेल्या एका मोठ्या खात्याने लाभांश थांबल्याचे मी पाहिले आहे.

तरतुदीचा हिशेब हाताने करा, निदान पहिल्या वीस खात्यांचा. अनुत्पादक झाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत खाते दुय्यम, त्यावर दहा टक्के; नंतर संशयित. संशयितात तारणाने झाकलेल्या भागावर पहिल्या वर्षी २०, पुढची दोन वर्षे ३०, त्यानंतर पूर्ण शंभर. तारण नसलेल्या भागावर पहिल्यापासून शंभर. तारणाची किंमत इथे कळीची, म्हणून मूल्यांकनाचा दाखला किती जुना आहे ते बघा. दाखल्यात "रस्त्याला लागून" लिहिले आहे आणि जागा बोळाच्या टोकाला आहे, अशी मालमत्ता मी घडियाळी पोळीच्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली-वस्ती) बाजूला स्वतः जाऊन पाहिली. तुम्हीही जा. दहा मोठ्या थकीत खात्यांच्या तारणापाशी एकदा उभे राहून या आणि फाइलमध्ये तारखेसह दोन ओळी लिहा.

कागद स्वतः कसा आहे तेही बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा एका ओळखीच्या शाखेत मला मदतीला बोलावले होते. खालच्या खणातल्या फाइली फुगून विटेसारख्या झाल्या होत्या. आम्ही पंख्याखाली सतरंज्या अंथरून एकेक पान सुटे केले, मध्ये जुनी वर्तमानपत्रे घातली. गहाणखताचा छापील मजकूर वाचता येत होता, पण एका जामीनदाराची शाईच्या पेनाने केलेली सही निळा डाग होऊन पसरली होती आणि खाली फक्त तारखेचा आकडा उरला होता. गहाणखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळते. जामीनपत्राची मिळत नाही, ते बँकेकडेच एक असते. तेव्हा नदीच्या बाजूला शाखा असेल तर मूळ दस्त वरच्या मजल्यावर न्या, स्कॅन करा, आणि खणावर नंबर घाला. त्याच बैठकीत कर्जकबुलीची पत्रे तपासा. तीन वर्षांच्या मुदतीत कर्जदाराची सही घेतली नसेल तर दावा मुदतबाह्य होतो, आणि पथक हा शेरा लाल अक्षरांत लिहिल्यासारखा ठळक लिहिते.

सोनेतारणाची पाकिटे दोघांनी मिळून उघडा. सील, खातेक्रमांक, एकूण वजन, मणी-लाख वजा करून निव्वळ वजन, सराफाच्या दाखल्यावरची सही. आमच्याकडे एकदा पाटल्यांच्या पाकिटात वजन बरोबर आणि नगांची संख्या चूक निघाली. दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती, आणि दुसरे पाकीट शोधेपर्यंत त्या दुपारी शाखेत कोणी जेवले नाही. ती पाटली एका आजींची होती. नातवाच्या फीसाठी ठेवलेली. त्यांच्यासाठी ती बँकेतल्या सगळ्या आकड्यांहून मोठी.

रोख राखीव प्रमाण आणि वैधानिक तरलता (ठेवींपैकी रोख आणि सरकारी रोख्यांत राखून ठेवायचा भाग) यांचे तक्ते, गुंतवणुकीचे दाखले, फायनान्शियल रेशो हे लेखा विभाग देईल. तुम्ही फक्त ते ताळेबंदाशी जुळतात का बघा. केवायसीमध्ये जोखमीच्या वर्गानुसार दोन, आठ, दहा वर्षांची उजळणी झाली आहे का ते नमुन्याने तपासा. नामांकनाचे अर्ज बदलले आहेत: १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीदार चार जणांपर्यंत नावे देऊ शकतो. काउंटरवर जुने फॉर्म उरले असतील तर काढून टाका. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाल्या का, आणि त्याआधी वारसांना शोधायचा प्रयत्न झाला का, हे मला स्वतःला फार महत्त्वाचे वाटते. पत्र परत आले म्हणून थांबू नका. पोळीत जाऊन शेजारच्या घरी विचारले तर पत्ता लागतो.

ठेव विम्याची फाइल लहान असते पण तीच तुमच्या दारातल्या ठेवीदाराची आहे. १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ झाले, त्यामागे १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्याचा धक्का होता. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते, १९९३ मध्ये एक लाख झाले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल-व्याज मिळून पाच लाख. आरबीआयने व्यवहारांवर निर्बंध घातले तर ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद २०२१ पासून आहे. हप्ता बँकेने वेळेवर भरल्याची पावती लावा. तो ठेवीदाराकडून वसूल करायचा नसतो. आणि खात्याखात्यावर ठेवीदाराचे नाव एकसारखे नोंदवा, कारण दाव्याची यादी आपल्याच संगणकातून निघते.

रिझर्व्ह बँक फक्त चुका काढायला येते असे मनात ठेवून पथकासमोर बसू नका. शेतकी कर्जाचा स्वतंत्र विभाग तिच्या स्थापनेपासून होता. नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण कर्जासाठीची राष्ट्रीय बँक १९८२ मध्ये त्याच कामातून उभी राहिली. पुण्याच्या कृषी बँकिंग महाविद्यालयात सहकारी बँकांच्या माणसांना शिकवले जाते. मी तिथे गेलो होतो, आणि तरतुदीचा हिशेब मला खऱ्या अर्थाने तिथेच समजला. लहान बँकांना मोठ्यांच्या मापाने मोजू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या विश्वनाथन समितीनंतर चार श्रेणी केल्या: शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या पहिल्या श्रेणीला भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल) नऊ टक्के पुरते, वरच्यांना बारा. तंत्रज्ञान आणि भांडवलासाठी एकत्र आधार मिळावा म्हणून मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांची राष्ट्रीय छत्र संस्था सुरू झाली. तुमची बँक तिची सभासद आहे का, सायबर सुरक्षेची कोणती पातळी तुम्हाला लागू आहे, हे विचारायला पथकाइतके योग्य कोणी नाही. प्रश्न लिहून ठेवा आणि विचारा. मी विचारले आणि दरवेळी नीट उत्तर मिळाले.

गेल्या अहवालाची पूर्तता मात्र त्यांच्या येण्याआधी हातात हवी. प्रत्येक शेऱ्यासमोर कोणी, कोणत्या तारखेला, काय केले, आणि पुराव्याचे पान. पुरावा नसेल तिथे "पूर्ण" लिहू नका, "चालू" लिहा आणि कारण द्या. एकच शेरा दुसऱ्या वर्षी परत आला की त्याचे वजन दुप्पट होते.

बसायला वेगळी खोली, चालणारा प्रिंटर, लॉगिन फक्त बघण्यापुरते. एक माणूस त्यांच्यासाठी नेमा, ज्याला कुठली फाइल कुठे आहे ते माहीत आहे आणि "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणायची भीती वाटत नाही. कॅशिअर आणि व्यवस्थापक दोघांनी त्या सकाळी दहा मिनिटे आधी यावे, आपापली किल्ली आपापल्या खिशात. तिजोरी दोघांनी उघडावी, फाटक्या नोटांची गड्डी वेगळी, नाणी पिशवीवर रक्कम लिहून, कालच्या बंद शिलकीचे पान वर. टीम आत आल्यावर बहुधा नमस्कार होताच पहिले वाक्य हेच असते: आधी कॅश मोजू.