केमिकलचा लोकांच्या तब्येतीवर किती परिणाम झालाय ते कसं तपासायचं

पहिलं म्हणजे लगेच रक्त तपासायला पळू नका. आधी केमिकल कुठून निघतंय, पाण्यातून येतंय की हवेतून की धुळीतून, आणि शेवटी अंगात जातंय का ते बघा, कारण ही साखळी मध्येच तुटली असेल तर केमिकल कितीही विषारी असलं तरी माणसापर्यंत पोचत नाही.

मग डोस काढायचा, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे रोज किती केमिकल अंगात जातंय ते. समजा पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक सापडलं (डब्ल्यूएचओची मर्यादा १० आहे). ६० किलोचा माणूस दिवसाला २ लिटर प्यायला तर किलोमागे साधारण १.७ मायक्रोग्रॅम, पण १० किलोचं मूल १ लिटर प्यायलं तर ५! पाणी तेच आणि पोराला तिप्पट डोस, म्हणून सरासरी माणूस धरून हिशोब करू नका प्लीज, लहान मुलं आणि गरोदर बायका वेगळ्या धरा.

टेस्टची वेळही बघा. आर्सेनिक लघवीत गेल्या काही दिवसांचंच दिसतं, जुनं बघायचं तर केस-नखं. शिशासाठी रक्त, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही, त्यामुळे आकडा कमी आला तरी दुर्लक्ष नको.

आजारी किती ते मोजताना एक्सपोजर (म्हणजे त्या केमिकलशी संपर्क) नसलेल्या तशाच वस्तीशी तुलना करा, वय आणि सिगारेट-तंबाखू दोन्हीकडे नोंदवा. कॅन्सर दिसायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून आज केसेस नाहीत म्हणजे धोका नाही असं रिपोर्टमध्ये कधीच लिहू नका.