पावसात रंधा न मारणारा मेस्त्री

कुडाळजवळच्या आमच्या जुन्या घराला अकरा दारं आहेत. दोन सागाची, बाकी सगळी फणसाची. डोंबिवलीहून आम्ही कायमचे गावी आलो, त्या पहिल्याच जुलैत स्वयंपाकघराचं मागचं दार चौकटीत अडकून बसलं. खांदा लावून ढकलावं लागायचं. घाईघाईत मिळाला तो सुतार आणला. त्याने दार उतरवलं, कडेला रंधा मारला आणि तासाभरात मोकळं करून दिलं. आम्ही खूश. जानेवारीत त्याच कडेला बोट जाईल एवढी फट पडली. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि कोरड्या दिवसांत आकसतं. रंध्याने गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही. त्या फटीवर अजून पट्टी ठोकलेली आहे.

पुढच्या पावसात देवघराचं दार अडलं, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. दार लावलं, कॅलेंडरचा एक कागद फटीत घालून वरपासून खालपर्यंत फिरवला. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात तेवढा अडला. मग दार धरून हलवलं, तर वरची बिजागरी खुळखुळत होती. स्क्रूची भोकं झिजून मोठी झाली होती, त्यामुळे दार पुढे झुकलं होतं. त्यांनी बांबूच्या बारीक खुंट्या तासून भोकांत ठोकल्या आणि त्यांत लांब स्क्रू पिळले. दार जागेवर आलं, पण थोडं घासत होतंच. मी म्हटलं, जरा रंधा मारा ना. ते म्हणाले, "पावस जावंदे, वैनीनू. आता रंधो मारलंय तर दिवाळेक फटीतसून मांजर भितुर येतला." त्या दिवसापासून आमच्या घराचं लाकूडकाम त्यांच्याकडेच आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच. मेस्त्री निवडायचा तर आधी त्याला एक लहान दुरुस्ती द्या. अडणारी खिडकी, डगमगणारा पाट, सैल कोयंडा, काहीही. तो आधी बघतो की आधी ठोकतो, हे तेवढ्यात कळतं. नव्या कपाटावर सनमायका चढला की आतलं काही दिसत नाही, दुरुस्तीत मात्र हात लपत नाही. कोणाकडे त्याने केलेलं काम असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वीचं बघायला जा. खण सहज ओढला जातो का, दाराच्या सांध्यांत फट आली आहे का, एवढं बघितलं तरी पुरे.

बोलावण्याची वेळही महत्त्वाची. आमच्या भागात श्रावण लागला की मेस्त्रींना श्वास घ्यायला फुरसत नसते. काहींच्या घरीच गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा असते, शिवाय प्रत्येकाला माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट) आणि चौरंग चतुर्थीच्या आत हवे असतात. तेव्हा दुरुस्तीचा आग्रह धरू नका. मोठं काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याआधी संपवा. या दिवसांत लाकूड कोरडं असतं, मापं खरी येतात.

लाकडाचं मजुरीच्या आधी ठरवा. चौकटीला आणि दाराला आमच्याकडे साग, फणस चालतात, वासे-तुळयांना ऐन, किंजळ. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण ओल आणि कीड तिला लवकर धरते. कुठल्याही झाडाचा बाहेरचा पांढरट भाग भुंगा आणि वाळवी आधी खातात, म्हणून फळीच्या कडेला पांढरी पट्टी दिसली तर ती काढून टाकायला सांगा. स्वतःच्या परड्यातलं झाड वापरायचं असेल तर तोडण्याआधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात १९६४ पासून त्यासाठी कायदा आहे, आणि फणस, आंबा, साग ही झाडं त्यात येतात. चिरून आणलेल्या फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत, वारा लागेल अशा रचा. आम्ही एक अख्खा उन्हाळा ठेवल्या होत्या. शेजाऱ्यांनी ओल्या फळीचं दार केलं, ते पुढच्या मे महिन्यात पिळवटलं.

वखारीत हिशोब घनफुटावर चालतो आणि तो स्वतः करता आला पाहिजे. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्ही गुणून १४४ ने भागायचं. दाराच्या चौकटीला सात फुटांचे दोन उभे आणि तीन फुटांचा एक आडवा, म्हणजे सतरा फूट. काप ४ इंच बाय ३ इंच असेल तर १७ गुणिले १२, म्हणजे २०४, भागिले १४४. सव्वा घनफुटाहून जास्त आणि दीडहून थोडं कमी. रंध्यात प्रत्येक बाजूने एखादं सूत जातं (आठ सुतांचा एक इंच), त्यामुळे तयार माप हवं असेल त्यापेक्षा जाड लाकूड घ्यावं लागतं. वखारीत जाताना मेस्त्रींना सोबत न्या आणि त्या दिवसाची त्यांची रोजी द्या. ही रोजी वाचवू नका, त्यांची नजर फळीतली गाठ आणि चीर आपल्याआधी पकडते.

प्लायवूड घेणार असाल तर पत्र्यावरचा, म्हणजे प्लायच्या अख्ख्या तक्त्यावरचा शिक्का वाचा. ओट्याखाली, मोरीजवळ आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) लिहिलेलंच घ्या, ते पाण्यात टिकणारं असतं. पत्रा आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फूट. कापायच्या आधी कागदावर तुकड्यांचं चित्र काढायला बसा, एखादा अख्खा पत्रा वाचतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे आणा.

मजुरी रोजावर की उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची एकच ठरवलेली रक्कम? दुरुस्ती रोजावर, नवं काम उक्तं, असं मी करते. आमच्या पडवीच्या चौकटीचा पाय कुजला होता. वरून वीतभर दिसत होता, आत टोचलं तर हातभर निघाला. मेस्त्रींनी कुजका भाग तिरका कापून तिथे ऐनाचा तुकडा सांधला. असं काम उक्तं दिलं असतं तर दोघांपैकी एकाचं नुकसान होतं, आणि मग मनं बिघडतात. नव्या कपाटाला मात्र मापं, लाकूड, बिजागऱ्या, पॉलिश, मदतनिसाची रोजी, सगळं एका वहीत लिहून दोघांनी सही करावी. उचल मजुरीची द्या, सामान स्वतः आणा. रोजावर असेल तर दर शनिवारी हिशोब पुरा करा. कोणाच्याही घरच्या बाजाराचे पैसे अडकवू नयेत. उक्त्यातली थोडी रक्कम दारं-खण बसवून बघेपर्यंत राखायची असेल तर ते आधीच बोलून घ्या.

वाळवी दिसली तर मेस्त्रीच्या आधी मुळाकडे बघा. कुठून ओल येते, मातीची नळी कुठून चढते, ते थांबवल्याशिवाय नवं लाकूड घालू नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, पोचट आवाज आला की तिथे थांबा.

काम संपलं की उरलेले तुकडे फेकू देऊ नका. त्याच लाकडाचा, त्याच वयाचा तुकडा पुढे दुरुस्तीला सोन्यासारखा उपयोगी पडतो. आणि दिवाळीनंतर मेस्त्रींना एकदा नुसतं घरभर फिरायला बोलवा, चहापाण्याशिवाय त्या दिवसाची रोजी वेगळी द्या. देवघराच्या दाराला रंधा त्यांनी तेव्हाच मारला, जेमतेम अर्धा सूत, आणि आता ते आषाढातही एका बोटाने उघडतं.